या जेवायला

१

दालिन बाजारातून परत यायची तेव्हा तिच्या कावडीत रिकामी पातेली तेवढी खडखडत असायची. पहाटे उठून तांदळाच्या ओल्या शेवया आणि माशाचा हिरवा रस्सा करायचा, बाजाराच्या तोंडाशी चिंचेखाली जाऊन बसायचं, आणि उन्हं तापायच्या आत सगळं खपवून घरी यायचं. घर खांबांवरचं. वर राहायचं, आणि खालच्या मोकळ्या जागेत नवऱ्याचं, सारोनचं, मोटरसायकली दुरुस्त करायचं दुकान. तिने कावड खाली ठेवायच्या आतच तो विचारायचा, "ओन, खायला काय आहे?" बायकोला लाडाने ओन म्हणतात, पण आमच्याकडच्या ओनमध्ये लाड कमी आणि भूक जास्त, असं दालिन बाजारातल्या बायकांना सांगायची आणि सगळ्याजणी हसायच्या.

नव्या वर्षाचा सण झाला आणि हे विचारणं बंद पडलं.

पहिले काही दिवस तिने मनावर घेतलं नाही. एप्रिलच्या उन्हात कोणाचीही भूक मरते. पण मग तिच्या ध्यानात आलं, की तो जेवायला बसतो तर वेळेवर. चटईवर येतो, ताट पुढे ओढतो, चमचा हातात घेतो. आणि थांबतो. जिन्याकडे बघत राहतो. अजून कोणी यायचंय आणि त्यांच्याआधी सुरुवात करणं बरं दिसणार नाही, अशा बेताने बसून राहतो. भात निवतो. मग तो दोन घास खातो, चमचा ठेवतो आणि खाली जाऊन खांबांना बांधलेल्या कापडी झुल्यात पडतो.

"कोणाची वाट बघताय, बोंग?" तिने एकदा विचारलं. नवऱ्याला बोंग, म्हणजे दादा, म्हणायची रीत.

"मी? कोणाची नाही." त्यालाच नवल वाटलं.

सणापासून त्याचं अंग उतरत चाललं होतं. गळ्याची हाडं दिसायला लागली. दुकानात खोललेली गाडी खोललेलीच राहायची, गिऱ्हाईक कुरकुरत दुसरीकडे जायचं. दालिन त्याला प्रांताच्या गावी डॉक्टरकडे घेऊन गेली. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाला, काही नाही, ताकदीच्या गोळ्या देतो. गोळ्या संपल्या. ताकद काही आली नाही. रात्री शेजारी निजलेला माणूस कणाकणाने कमी होतोय असं दालिनला वाटायचं.

"डॉक्टरला काय कळतंय," सासू म्हणाली. दालिन तिला माक, म्हणजे आई, म्हणायची. "त्याचे प्राण तिकडे राहिलेत. जुन्या नगरात."

माणसाच्या अंगात प्राण एक नसतो, एकोणीस असतात. त्यातला एखादा घाबरतो, एखादा दमतो, एखाद्याला एखादी जागा आवडते आणि तो मागे राहतो. म्हणून रानातून निघताना घरातल्या मोठ्या माणसाने मोठ्याने म्हणायचं असतं, चला, सगळे चला, कोणी मागे राहू नका. सणाच्या दिवशी सगळी आळी ट्रॅक्टरमागे गाडी लावून जुन्या नगरात गेली होती. चटया, भाजलेली कोंबडी, बिअर, गाणी. सारोन एका बुरुजाच्या मागच्या सावलीत झोपला होता. मग एकाएकी वावटळ उठली, डोळ्यांत धूळ, चटया उडायला लागल्या, आणि सगळ्यांनी सामान कसंबसं कोंबून पळ काढला. हाक मारायची राहिली. ज्याला त्याला वाटलं दुसऱ्याने मारली असेल. आणि माक गुडघ्यांमुळे घरीच राहिलेली.

दालिन तशी भोळी नव्हती. लग्नाआधी ती राजधानीत शिवणाच्या कारखान्यात होती. तिथे पोरी एकीमागून एक बेशुद्ध पडायच्या, भुताने धरलं म्हणून ओरडायच्या, आणि साखरपाणी पाजलं की भूत निघून जायचं. रिकाम्या पोटाचं भूत तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण इथे साखरपाणीही पाजून झालं होतं.

"करून बघायला काय जातंय," ती शेवटी म्हणाली. हे ती स्वतःलाच सांगत होती.

२

प्राण परत आणायला आईने किंवा बायकोने जायचं असतं. माकने वेताची पसरट टोपली दिली, ओढ्यात मासे गोळा करायची असते ती. त्यात सारोनचा वापरलेला सदरा, उकडलेलं अंडं, केळीच्या पानात भात आणि तळलेला मासा.

"तो निजला होता तिथेच बस," माक म्हणाली. "आधी भात मांड आणि तूही खा. आपलं माणूस जेवतंय दिसलं की ते जवळ येतात. मग नाव घेऊन हाक मार आणि टोपली उचल. येताना मागे बघायचं नाही आणि कोणाशी बोलायचं नाही. कोणी म्हणजे कोणी."

"पोलिसाने अडवलं तर?"

"तुझ्यासारख्या तोंडाळ बाईला गप्प बघून तोच घाबरेल. जा."

दालिन सारोनची मोटरसायकल घेऊन निघाली. रस्ता लाल मातीचा, दोन्हीकडे भाजून गेलेली शेतं, मग काजूच्या बागा, आणि मग एकदम दाट सावलीचं रान. रानाच्या तोंडाशी पू थोल त्याच्या झुल्यात पडला होता. तो तिथला राखणदार. वयाने दालिनच्या काकासारखा, म्हणून पू.

"दालिन? आज शेवया नाही आणल्यास?"

"तुम्ही मागची ताटली परत द्या, मग आणते."

तो हसला. मग त्याची नजर टोपलीतल्या सदऱ्यावर गेली आणि त्याने हसणं आवरलं. हे कशासाठी ते त्याला सांगावं लागलं नाही. "मागच्या अंगाला सावली आहे," एवढंच तो म्हणाला. "गाडी इथेच लाव."

झाडांमधून विटांचे बुरुज दिसायला लागले. इथे कधीकाळी राजा राहत होता, बाजार भरत होता, हत्ती ये-जा करत होते. आता नुसते बुरुज उरलेत, आणि त्यांच्या डोक्यावर झाडं बसलीत. दालिन लहानपणापासून इथे येत होती. शाळेची सहल इथे, सण इथे, लग्नाआधी सारोनला चोरून भेटायचं तेही इथेच. या जागेची भीती वाटायची तिला काही सवय नव्हती.

सारोन निजला होता तो बुरुज रस्त्यापासून सगळ्यात आत. इथल्या सगळ्या बुरुजांना खरं दार एकच, पूर्वेकडचं. बाकीच्या बाजूंना दगडात कोरलेली दारं आहेत. चौकट आहे, उंबरा आहे, दोन फळ्या, मधली फट, कड्या, सगळं जिथल्या तिथे. पण ते दार नाही. मागे भरीव भिंत. पोरं सहलीला आली की ही दारं ढकलून बघतात आणि एकमेकांना वेड्यात काढतात.

दालिनने पूर्वेच्या दारातून आत डोकावलं. कोंदट थंडावा, वटवाघळांचा वास, वर फुटक्या छतातून आभाळाचा तुकडा. आत काही नव्हतं. ती वळसा घालून मागे गेली.

३

कोरलेल्या दारासमोर पाचोळा साचला होता. तिने पायाने थोडी जागा केली, पंचा अंथरला आणि बसली. वारा अजिबात नव्हता. दूर कुठे तरी एक पक्षी थांबून थांबून बोलत होता. तिने सदरा घडी करून टोपलीत नीट ठेवला, पान उघडलं, भाताचे दोन वाटे केले. एक टोपलीपुढे, एक स्वतःपुढे.

मग तिला जरा लाज वाटली. कारखान्यातल्या मैत्रिणींनी पाहिलं असतं तर हसून हसून लोळल्या असत्या. पण पहाटेपासून पोटात काही नव्हतं, आणि माशाचा वास सुटला होता. ती खायला लागली.

दुसऱ्या का तिसऱ्या घासाला पाचोळा वाजला. बुरुजाच्या कोपऱ्याकडून कोणीतरी येत होतं. पावलं सावकाश पडत होती, वयाच्या माणसाची. दालिनची मान खाली, तोंडात घास. डोळ्याच्या कडेला इथल्या बायका नेसतात तसल्या गडद रंगाच्या लुंगीचा काठ दिसला आणि अनवाणी पाय. ती काहीही विचार न करता म्हणाली, "या जेवायला."

तिच्या जागी गावातलं कोणीही असतं तरी हेच म्हणालं असतं. आपण जेवतोय आणि समोरून माणूस गेला, तर हे म्हणावंच लागतं. म्हणणाऱ्याच्या मनात काही नसतं आणि ऐकणाराही थांबत नाही. तो म्हणतो, होऊ द्या, माझं आत्ताच झालंय, आणि पुढे जातो. त्याच्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नसला तरी हेच म्हणतो. दालिन त्या उत्तराची वाट बघत होती.

उत्तर आलं नाही. पावलं थांबली. मग म्हातारी माणसं खाली बसताना करतात तसा एक हलका हुंकार ऐकू आला, आणि पाचोळा दबला.

दालिनने घास गिळला. मान वर करायला इतका वेळ का लागतोय ते तिचं तिलाच कळेना. बघितलं तर समोर कोणी नव्हतं. कोरलेलं दार, त्याच्यापुढे पाचोळा. त्या पाचोळ्यात एका जागी खोलगट झालं होतं, कोंबडी अंड्यावरून उठल्यावर होतं तेवढंच. आणि एक गोष्ट तिला नंतर आठवली. ते पाय स्वच्छ होते. इथे यायचं तर प्रत्येकाचे पाय घोट्यापर्यंत लाल होतात.

झाडणाऱ्या बाया येतात इथे, तिने मनाशी म्हटलं. गावातलीच कोणी असेल. बसली असेल आणि उठून गेली असेल, आपलं लक्ष नव्हतं. यात न पटण्यासारखं काही नव्हतं. तिने उरलेला भात भराभर संपवला, हात पुसले, आणि सांगितल्याप्रमाणे हाक मारली.

"सारोन, चला. घरी चला. भात शिजलाय, अंथरूण घातलंय, तुमची आई वाट बघतेय. सगळे चला, कोणी मागे राहू नका."

टोपली उचलताना तिचं मन भरून आलं. इतके दिवस हे असं कोणाला म्हणताच आलं नव्हतं. तिने डोळे पुसले आणि मागे न बघता चालू लागली.

पू थोलचे पाय झुल्यातून वाटेवर लोंबत होते. तिला वाट द्यायला त्याने ते वर घेतले. ती पुढे गेली, गाडीपाशी पोचली, टोपली पुढे बांधली. गाडीच्या आरशात दिसलं, त्याने पाय अजून वरच धरले होते. मग बऱ्याच वेळाने खाली सोडले.

गाडी नेहमीपेक्षा जड चालत होती. मातीचा रस्ता आहे, मागच्या चाकातली हवा गेली असेल, असं म्हणत ती घरापर्यंत आली.

४

जिन्याच्या वरच्या पायरीवर माक बसली होती. खाली शेजारच्या चार बाया जमल्या होत्या. माकने रीतीप्रमाणे विचारलं, "आले का?"

"आले, आले," बाया एका सुरात म्हणाल्या. हेच उत्तर द्यायचं असतं, काही दिसो न दिसो.

सारोन वर भिंतीला टेकून बसला होता. माकने सदरा त्याच्या खांद्यावर टाकला, अंडं सोलून त्याच्या हातात दिलं, मनगटाला पांढरा दोरा बांधला. तो ओशाळून हसत होता. आळीतल्या बायांसमोर त्याचं बाळ करून टाकलं होतं.

मग त्याने ते अंडं खाल्लं. आणि म्हणाला, "ओन, खायला काय आहे?"

दालिनचा जीव भांड्यात पडला. ती चुलीकडे पळाली आणि तिथे पातेल्यात तोंड घालून रडली. त्या दुपारी सारोनने आंबट कालवण दोनदा मागून घेतलं, तळाचा करपलेला भातसुद्धा खरवडून खाल्ला. माक खाली शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "आणि म्हणे रक्त तपासा."

दुकान सुरू झालं. त्याच्या हातांना पुन्हा ग्रीसचा वास यायला लागला. गळ्याची हाडं भरली. दालिन बाजारात बसल्या बसल्या गाणं गुणगुणायची. कसं झालं, का झालं, हे तिने स्वतःला विचारलं नाही. माणूस परत आला होता. बाकीच्या गोष्टी कारखान्यातल्या मैत्रिणींनी विचारात घ्याव्यात.

५

पुढे एका दुपारी ती जेवायला बसली तेव्हा चटईवर ताटं जास्त होती. तिघांची तीन, आणि एक जिन्याकडच्या बाजूला. भात वाढलेला, कडेला माशाचा तुकडा, चमचा उजवीकडे नीट ठेवलेला.

"हे कोणाचं?" तिने विचारलं.

"पाहुण्यांचं," माक कालवण वाढत म्हणाली.

"कोण पाहुणे?"

"कोण म्हणजे? तूच बोलावलंस ना."

दालिनच्या मनात पाल चुकचुकली. त्या दिवशी बुरुजामागे काय झालं ते तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही झालंच नव्हतं. मग ती विचार करायला लागली, की सांगितलं असेल आपणच, बोलता बोलता निघून गेलं असेल तोंडातून. माकला सगळं आठवतं, आपल्यालाच आठवत नाही. आणि माकचं वय झालंय. म्हातारी माणसं पितरांसाठी पान वाढतात, त्यातलंच काही असेल.

सारोनने चमचा उचलला. त्या ताटाकडे क्षणभर बघितलं, मान किंचित झुकवली, आणि मग जेवायला लागला. एवढंच. दालिनने आठवून पाहिलं. गेले कित्येक दिवस तो असाच मान झुकवून सुरुवात करत होता. तिने पाहिलं होतं आणि तिला ते चांगलं लक्षण वाटलं होतं.

जेवणं झाली तरी ते ताट जसंच्या तसं होतं. तिने ते खाली नेऊन कोंबड्यांपुढे ओतलं. कोंबड्या धावत आल्या, माना वाकड्या करून बघितलं, आणि परत गेल्या. दालिनने वाकून एक शीत उचललं आणि जिभेवर ठेवलं. त्याला चवच नव्हती. बेचव भात निराळा, त्यालाही भाताची चव असते. यात काही नव्हतं. ओला कागद चावल्यासारखं लागलं. तिने ते थुंकलं आणि चूळ भरली.

६

दुसऱ्या दिवशी तिने ते ताट उचलून फडताळात ठेवलं. सारोन आला, बसला, चमचा घेतला. थांबला.

"जेवा ना, बोंग."

"आधी त्यांना वाढ."

"कोणाला?"

त्याने तिच्याकडे बघितलं. राग नव्हता त्याच्या डोळ्यांत. बायकोने चारचौघांत काही तरी अडाणीपणा करावा आणि नवऱ्याने तो पोटात घालावा, तसं बघितलं. मग त्याने चमचा ठेवला आणि खाली गेला.

दोन दिवस ती हट्टाला पेटली. ताट वाढायचं नाही म्हणजे नाही. तो भुकेला येईल, खाईल, पोट सगळ्यांना शिकवतं. पण तो आला नाही. दुपारच्या रणरणत्या उन्हात झुल्यात पांघरूण घेऊन पडला. तिने हात हातात घेतला तर तो माठासारखा गार. गळ्याची हाडं वर आली होती. इतक्या लवकर कशी वर आली ते कळत नव्हतं, पण ती तिला दिसत होती. "बोंग," ती म्हणाली. त्याने डोळे उघडले आणि जिन्याकडे बघितलं.

ती वर गेली. फडताळातलं ताट काढलं, पुसलं. भात वाढला. माशाचा पोटाकडचा तुकडा, जो सारोनला आवडायचा आणि ज्यावरून दोघांचं भांडण व्हायचं, तो त्या ताटात ठेवला. माक भिंतीला टेकून सुपारी कातरत बघत होती. मग दालिन जिन्याकडच्या रिकाम्या बाजूला तोंड करून हळू आवाजात म्हणाली, "या जेवायला."

चटईची ती कड थोडी दबली. तिने नजर दुसरीकडे वळवली, पण दबली ते तिने पाहिलं होतं.

खालून झुला करकरला. सारोन जिना चढून वर आला, पाय पुसले, आणि म्हणाला, "अरे वा, मासा."

तेव्हापासून ते ताट दालिनच वाढायला लागली. माणसाला कशाचीही सवय होते. पाहुणा त्रास देणारा असता तर भांडता तरी आलं असतं. हा पाहुणा कधी उशीर करत नव्हता, दुसऱ्यांदा मागत नव्हता, आवाज करत नव्हता. शेतात रोपं लावायचे दिवस आले, सारोनचं दुकान ट्रॅक्टरवाल्यांनी भरून गेलं, तो दुपारी घामाने निथळत यायचा आणि मान झुकवून जेवायला लागायचा. दालिन त्याच्याकडे बघत राहायची. तो होता, जेवत होता, हसत होता. त्यासाठी एक ताट जास्त. हा व्यवहार तिला पटला होता. पटवून घेतला होता म्हणा.

फक्त तिने जिन्याकडच्या बाजूला बसणं सोडलं.

७

एका दुपारी सारोन बोटं पुसत सहज म्हणाला, "उद्या त्यांच्याकडे जेवायला जायचंय."

"कोणाकडे?"

"असं काय करतेस? इतके दिवस ते आपल्याकडे येतायत. आज त्यांनी बोलावलंय. नाही गेलो तर बरं दिसेल का?"

दालिनच्या हातातलं ताट हातातच राहिलं. जिन्याकडे बघायचं नाही असं ठरवूनही तिने बघितलं. तिथे ऊन पडलं होतं. "आपण कुठेही जायचं नाही," ती म्हणाली. "ऐकलंत का? कुठेही नाही. काही तरी निमित्त सांगा. मी आजारी आहे म्हणून सांगा."

"बरं," सारोन म्हणाला. तो इतक्या पटकन बरं म्हणाला की तिला हायसं वाटलं.

सकाळी बाजारात तिचं लक्ष लागेना. शेवया अर्ध्या राहिल्या असतानाच तिने कावड उचलली. घरी आली तर दुकानात एक गाडी खोललेली, शेजारी पाने ओळीने मांडलेले, आणि सारोनची मोटरसायकल नाही. माक वर दारात बसली होती. तिने तिची रेशमी लुंगी नेसली होती.

"तो गेला पुढे. केळीचा घड दिला मी त्याच्याबरोबर, रिकाम्या हाताने कसं जायचं," माक म्हणाली. "मी निघाले होते गं. पण जिना काही उतरवेना. त्यांना सांग, म्हातारीचा राग मानू नका."

दालिनने शेजाऱ्याची गाडी मागितली. कशी चालवली ते तिला आठवत नाही. पू थोल झुल्यातून उठून उभा होता.

"तुझा नवरा आलाय की," तो म्हणाला. "नवा सदरा घालून. म्हटलं कुठे, तर म्हणे जेवायला. म्हटलं इथे कोण राहतं बाबा? नुसता हसला." मग म्हणाला, "दालिन, मी येऊ का बरोबर?"

ती पळत होती.

रानात ऊन झाडांवरून गळत होतं. सगळीकडे शांत, नेहमीची दुपार. ती वळसा घालून बुरुजाच्या मागे गेली. कोरलेल्या दाराच्या उंबऱ्यापाशी सारोनच्या चपला होत्या. नीट, शेजारी शेजारी, कोणाच्याही घरी जाताना काढून ठेवतो तशा.

तिने दार ढकललं. दगड. मूठ आपटली. दगडच. मागे भरीव भिंत आहे, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. ती स्वतः याच दारापुढे मैत्रिणींना हसली होती. ती धावत पूर्वेच्या दाराला गेली, आत बघितलं. वटवाघळं, विटा, आभाळाचा तुकडा. परत मागे आली. धाप लागली होती, म्हणून दगडाला टेकून उभी राहिली. आणि मग तिला ऐकू आलं.

ताटांवर चमचे वाजत होते. हळू, सावकाश. पुष्कळ माणसं जेवत होती. कोणी बोलत नव्हतं. नव्या तांदळाच्या भाताचा वास येत होता, आणि शेतात तर आत्ता कुठे रोपं लावली होती.

"सारोन," ती म्हणाली.

"आलीस?" त्याचा आवाज अगदी जवळून आला. बरा होता, भरल्या पोटाचा होता. "ये ना. मी म्हटलंच होतं यांना, येईल ती."

"बाहेर या. घरी भात टाकलाय. चला."

आत चमचे थांबले. सारोन हलक्या आवाजात बोलला, लोकांसमोर बायकोला समजवायचं असलं की बोलायचा तसा. "ओन, भरल्या ताटावरून कसा उठू? काय म्हणतील ही माणसं?"

"मग जेवून घ्या. मी थांबते. किती वेळ लागेल?"

"काय सांगू? अजून वाढतायत."

दालिनने दोन फळ्यांमधल्या फटीला डोळा लावला. ती फट कोणा कारागिराने छिन्नीने काढलेली, नखाएवढी खोल. तिला एका बाजूला मुडपून बसलेले गुडघे दिसले, मोठ्यांच्या पंगतीत अदबीने बसतात तसे. गुडघ्याला गुडघा लागून. पंगत लांबवर गेली होती, बुरुजाच्या भिंतीच्या कितीतरी पलीकडे, आणि दिसेनाशी होईपर्यंत सगळ्यांपुढे ताटं होती. अलीकडे सारोनचा नवा सदरा. त्याच्या शेजारी एक ताट वाढलेलं, आणि त्यापुढे कोणी नव्हतं.

"या जेवायला," एक बाई आतून म्हणाली. वयस्कर, सौम्य आवाज. त्यात आग्रह नव्हता. कोणीही कोणालाही म्हणतं तसं म्हणाली.

उत्तर दालिनच्या ओठांवर होतं. होऊ द्या, माझं आत्ताच झालंय. आयुष्यभर हजार वेळा दिलेलं उत्तर. एवढं म्हटलं की पुढे जाता येतं, मागून कोणी ओढत नाही. ती गाडीवर बसेल, घरी जाईल, माकला खोटं काही तरी सांगेल, उद्या पहाटे शेवया करील. आणि कावड खाली ठेवताना कोणी काही विचारणार नाही.

तिने तोंड उघडलं. आत चटई घासली, माणसं सरकून जागा करत होती. "ये गं," सारोन म्हणाला, "निवतंय."

दालिन बराच वेळ दगडाला हात लावून उभी राहिली. मग तिने एक चप्पल काढली.